बोटांना मिळालेले उत्तर

लाखनीसारख्या गावी राहणाऱ्या मनुष्याने संगणकाच्या कळफलकांचा छंद जोपासावा, याचे पुष्कळांना नवल वाटते. या छंदाचे मूळ मात्र माझ्या वडिलांच्या बोटांत आहे.

वडिलांचे आयुष्य टंकलेखनात गेले. गोदरेजने 1955 साली पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. तसल्याच यंत्रावर त्यांनी गावकऱ्यांचे असंख्य अर्ज लिहिले. हे उत्पादन 2009 साली थांबले. त्यानंतर काही वर्षांनी काचबिंदूने वडिलांची दृष्टी मंदावली आणि त्यांचे लिहिणेही थांबले.

मी त्यांना घरच्या संगणकापुढे बसविले. पण त्यांचा हात चालेना. साध्या कळफलकात कळांखाली बहुधा रबराचा पातळ पडदा असतो. कळ तळापर्यंत दाबावी लागते आणि अक्षर उमटले की नाही, हे बोटाला नीटसे कळत नाही. डोळस मनुष्य समोर पाहून खात्री करून घेतो. ज्याला दिसत नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाने मला यांत्रिक कळफलकांकडे नेले. त्यांत प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका आणि स्प्रिंग असते. जर्मनीच्या चेरी कंपनीने 1980 च्या दशकात आणलेले एमएक्स खटके रंगावरून ओळखले जातात. लाल खटका अडथळ्याविना खाली जातो, तपकिरी बोटाला हलकीशी जाणीव देतो, तर निळा स्पष्ट ‘टिक्’ करतो. कळ सुमारे चार मिलीमीटर खाली जाते. अक्षर निम्म्या वाटेवरच नोंदले जाते. मी खटके उघडले, त्यांना वंगण दिले, कळांच्या टोप्या बदलल्या. हळूहळू त्याची गोडी लागली.

वडिलांसाठी निळे खटके निवडले. 1991 साली प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. मी तीच मांडणी वापरतो. त्यांच्या बोटांना मात्र रेमिंग्टनचीच सवय. संगणकात तीही सोय करता आली. एफ आणि जे या कळांवरील उंचवटे चाचपून ते बोटे जागेवर ठेवतात आणि लिहू लागतात.

‘टिक्’ ऐकून अक्षर उमटल्याचे कळते. ते कोणते, हे कळत नाही. म्हणून रोज सायंकाळी मी त्यांचा मजकूर वाचून दाखवतो. ते ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, आणि कित्येकदा माझेही.