आकिहाबाराच्या चार फेऱ्या

जपानाहून परत आलेला मनुष्य फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि कामाकुराची बुद्धमूर्ति यांविषयीं लिहितो, आणि वाचकांचीही तशीच अपेक्षा असते. मला बहर दिसला नाहीं, कारण मी गेलों तो २०२५ च्या माघांत. फुजी दिसला तो इमारतींच्या फटींतून, आणि कामाकुरास जावयाचें राहूनच गेलें. माझा बहुतेक वेळ एका बाजारांत गेला. माझ्या पुतण्यानें चौदा वर्षें जमविलेलीं व्हिडिओ गेमचीं जुनीं यंत्रें तेथें विकावयाचीं होतीं, आणि मी त्याच्या सोबतीस होतों. प्रवासवर्णनाला हा विषय कोणास हलका वाटेल. परंतु मीं पाहिलें तें एवढेंच, आणि न पाहिलेलें लिहूं नये असें मी छत्तीस वर्षें निबंधाच्या तासाला मुलांना सांगत आलों आहें.

जाण्याचें कारण असें झालें. गेल्या आश्विनांत माझ्या धाकट्या भावास अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा मात्र राहिली. तोक्योंतील नोकरी सोडून फाल्गुनाच्या आंत कायमचें साताऱ्यास यावयाचें, असें पुतण्यानें ठरविलें. सूनबाई मुलीला घेऊन आधींच आल्या होत्या. घराची आवराआवर तेवढी राहिली होती, आणि ती कांहीं केल्या होईना. तेव्हां भावजय एके दिवशीं मला म्हणाल्या, "भावोजी, त्याचा हात त्या खेळण्यांवरून सुटत नाहीं. तुम्ही जाऊन बसा, म्हणजे तुमच्या भिडेनें तरी आवरील." भिडेचा उपयोग करण्याकरितां सहा हजार किलोमीटर विमानानें पाठविलेला मनुष्य मीच पहिला असेन.

पुतण्या राहात असे तो निशिकासाइ भागांत. तेथें आपल्या लोकांची वस्ती बरीच आहे. हिंग, तूरडाळ, मराठी बोलणारा शेजारी, सारें मिळतें. घर तीन खोल्यांचें, आणि त्यांतली एक खोली या यंत्रांनीं जमिनीपासून छतापर्यंत भरलेली. मीं मोजलीं: यंत्रें ११२, आणि कॅसेटी व तबकड्या मिळून नऊशेंच्या वर. कॅसेट हा शब्द आपल्या मुलांनींच रूढ केला असें मी समजत होतों. पण जपानी मुलेंही त्याच वस्तूला 'कासेत्तो' म्हणत, असें तेथें कळलें.

यांतील मूळपुरुष म्हणजे फामिकॉम. क्योतोची निन्तेन्दो ही कंपनी १८८९ सालीं स्थापन झाली ती फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते करण्याकरितां. तिनेंच १५ जुलै १९८३ रोजीं हें तांबड्या व दुधी रंगांचें यंत्र १४,८०० येनांस विकावयास काढलें. 'फॅमिली कॉम्प्यूटर' या नांवाचीं दोन टोकें जोडून फामिकॉम हा शब्द झाला. त्याच्या खालोखाल एनईसीचें १९८७ चें पीसी इंजिन, आपल्या पानाच्या डब्याएवढेंच; सेगाचें १९८८ चें काळें मेगा ड्राइव्ह; १९८९ चा हातांत धरून खेळावयाचा गेम बॉय; आणि १९९५ चें व्हर्च्युअल बॉय, हें एका तिवईवर ठेवलेल्या दुर्बिणीसारखें, ज्यांत डोळे घालून पाहिलें असतां सारें जग तांबडें दिसतें. मीं पाहिलें, आणि पांच मिनिटांत डोकें धरलें. हें यंत्र त्याच वर्षीं बाजारांतून उठलें, यांत मला नवल वाटलें नाहीं. नवल पुढें वाटलें, तें येईलच.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. १९९४ च्या उन्हाळ्यांत या मुलाच्या मामानें मुंबईहून असलाच एक संच आणला होता. अस्सल नव्हे, फामिकॉमची नक्कल, कोणत्या तरी निनांवी कारखान्यांत केलेली. त्या काळीं आपल्याकडे पुष्कळ घरांत अशाच नकला आल्या, आणि मुलें त्यांस नुसतें 'टीव्ही गेम' म्हणत. मुलगा दहा वर्षांचा. सहामाहींत त्याला गणितांत पस्तीस गुण पडले. दिवाळीच्या साफसफाईंत मीं तो संच, कॅसेटींसह, रद्दीबरोबर भंगारवाल्यास देऊन टाकला. सात रुपये आले. मुलगा खेळून घरीं आला, त्यानें फडताळ उघडून पाहिलें, मिटलें, आणि हातपाय धुऊन जेवावयास बसला. कांहीं बोलला नाहीं. घरांतही कोणी बोललें नाहीं, कारण त्या काळीं मला कोणी बोलत नसे.

आतां आकिहाबारा. निशिकासाइहून भुयारी गाडीनें कायाबाचो, तेथें गाडी बदलून तिसरें स्टेशन. १८६९ सालीं या भागांत मोठी आग लागली, आणि जळलेली जागा पुन्हां न बांधतां मोकळी ठेवून १८७० मध्यें तेथें अग्निशमनाकरितां एक देवस्थान स्थापिलें. आगीपासून राखणारा लोकांच्या ओळखीचा देव आकिबा. तेव्हां हें त्याचेंच देऊळ असें समजून लोक त्या मैदानास आकिबाचें मैदान म्हणूं लागले. १८८८ मध्यें रेल्वेकरितां देऊळ हलविलें, दोन वर्षांनीं स्टेशन झालें. देव गेला, नांव राहिलें. महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या या परिसरांत रेडिओचे सुटे भाग विकणारे रस्त्यावर बसूं लागले. १९४९ मध्यें रस्त्यावरचीं दुकानें उठविण्याचा हुकूम निघाला, तेव्हां त्यांना रेल्वेच्या लोहमार्गाखालीं जागा मिळाली. ती रेडिओ सेंटरची बोळ अजून आहे. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें, इतकी ती अरुंद. दोन्ही अंगांस हातभर रुंदीचीं दुकानें, आणि किराणा दुकानांत मिरीं, लवंगा, दालचिनी खणाखणांत असावी तसे तारांचे, दिव्यांचे, बटणांचे खण. माथ्यावरून गाडी गेली म्हणजे सारे खण बारीक किणकिणतात. मला या सबंध शहरांत ही बोळ सर्वांत आवडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यानें एखादी वस्तु शोधली असेल त्याला ती परकी वाटणार नाहीं.

मोठ्या रस्त्यावर मात्र सगळा झगमगाट. जुन्या खेळांचीं दुकानें इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात. त्यांपैकीं एकाचें नांव 'सुपर पोटॅटो', म्हणजे महाबटाटा! तिसऱ्या मजल्यापासून पांचव्यापर्यंत तें पसरलेलें आहे, आणि सर्वांत वर जुनीं यंत्रें खेळावयास मांडून लहानपणच्या गोळ्याबिस्किटेंही विकतात. तेथें मुलें थोडीं. चाळिशीपन्नाशीचे, कचेरीच्या काळ्या पोशाखांतले गृहस्थ अधिक. पाठ ताठ ठेवून, तोंडांतून शब्द न काढतां, ते खेळत होते.

आमच्या मालांतला सामान्य भाग नेण्यास एका दुकानाची मोटार घरीं आली. तशी सोय तेथें आहे. परंतु निवडक तीसएक नग पुतण्यानें स्वतः नेण्याचें ठरविलें. चाकांच्या पेट्या ओढीत आम्हीं चार फेऱ्या केल्या. "मोटारींत कां नाहीं दिलेंस?" असें मीं विचारलें, तर म्हणाला, "काका, निदान कोणाच्या हातांत जातात तें दिसेल."

दुकानांत घेण्याची खिडकी वेगळी असते. तिच्यावर 'काइतोरी' असें लिहिलेलें. काऊ म्हणजे विकत घेणें आणि तोरु म्हणजे उचलणें, असे दोन धातु त्यांत आहेत. घासाघीस मुळींच नाहीं. आधीं ओळखपत्र द्यावयाचें. जुन्या मालाच्या व्यापाराचा त्यांचा कायदा १९४९ चा आहे. किरकोळ रकमेच्या वस्तूला ओळखीची सूट असते, पण खेळाच्या कॅसेटीला ती नाहीं. कारण उघड आहे: मुलें दुकानांतून चोरून आणतात तीं हींच. जुने खेळ विकण्याचा हक्कही तेथें फुकट मिळालेला नाहीं. खेळ करणाऱ्या कंपन्यांनीं दुकानांविरुद्ध दावे लावले होते, आणि २५ एप्रिल २००२ रोजीं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, एकदां विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर कंपनीचा ताबा राहात नाहीं. हा निकाल उलटा झाला असता तर ही सारी गल्ली ओस पडली असती.

खिडकीवरचा तरुण एकेक नग दोन्ही हातांनीं घेई, दिव्याखालीं फिरवी, पडद्याला जोडून पाही. मला आमच्या जुन्या सोनाराची आठवण झाली. फामिकॉम हातांत घेतांच त्यानें आधीं बटणें पाहिलीं. पहिल्या यंत्रांचीं बटणें चौकोनी व रबरी होतीं, तीं दबून अडकत, म्हणून पुढें गोल केलीं. आतां चौकोनीलाच भाव अधिक. जपानांत या यंत्राचे १ कोटी ९० लाखांहून अधिक नग खपले, त्यामुळें साध्याला विशेष किंमत येत नाहीं. आणि ज्याला त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं तें व्हर्च्युअल बॉय मात्र त्याच्या कितीतरी पट भावानें गेलें. मघाशीं म्हटलेलें नवल तें हें. दुसरा प्रश्न 'हाको-सेत्सु' आहे काय? हाको म्हणजे पेटी, सेत्सु हा माहितीपत्रकाच्या नांवाचा पहिला तुकडा. असा हा द्वंद्व समास. मुलें पेटी पहिल्याच दिवशीं फाडून टाकतात, म्हणून पुठ्ठ्याची पेटी कधीं कधीं आंतल्या वस्तूहून महाग. जें चालत नाहीं तें 'जंक' म्हणून टोपलींत.

दोषही त्यानें न बोलतां टिपले. सुपर फामिकॉमचें राखी अंग उन्हानें व काळानें पिवळें पडतें, आणि गंमत अशी कीं एकाच यंत्राची वरची बाजू हळदीसारखी व खालची जशीच्या तशी असूं शकते. डिस्क सिस्टिम नांवाचें एक जोडयंत्र १९८६ सालीं निघालें होतें. दुकानांत तबकडी नेऊन ५०० येनांत तिच्यावर नवा खेळ लिहून मिळे. त्याच्या आंतला रबरी पट्टा वितळून चिकट होतो. पुतण्यानें तो स्वतः तीनदां बदलला होता, हें मला तेथें कळलें.

तिसऱ्या फेरींत ड्रॅगन क्वेस्ट या खेळाच्या तिसऱ्या भागाची कॅसेट निघाली. हा खेळ १० फेब्रुवारी १९८८ रोजीं, बुधवारीं, विक्रीस आला, आणि शाळा बुडवून रांगेंत उभ्या राहिलेल्या कित्येक मुलांना पोलिसांनीं हटकलें. पुढचा भाग १९९० मध्यें आला तो रविवारीं. (शिक्षक या नात्यानें मी या सुधारणेचें स्वागत करतों.) या कॅसेटींत एक लहानशी बॅटरी असते, खेळ कोठवर आला तें तिच्या जोरावर कॅसेटींत राहतें, आणि बॅटरी संपली कीं पुसलें जातें. तरुणानें कॅसेट लावली. पडद्यावर कोणा मुलाचें नांव उमटलें. बॅटरी सदतीस वर्षांनंतरही जिवंत. पुतण्यानें ती जुन्या बाजारांतून घेतली तेव्हांपासून तें नांव तसेंच होतें. त्यानें त्याच्यावरून आपला खेळ कधीं खेळला नाहीं. "हा मुलगा आतां माझ्याहून मोठा असेल," तो म्हणाला. त्या नांवाबद्दल एक येनही वाढवून मिळाला नाहीं. तरुणानें कॅसेट बाजूला ठेवली, आणि पुतण्यानें यादींत तिच्यापुढें खूण केली.

मी भिडेकरितां गेलों होतों, परंतु मला एकदांही बोलावें लागलें नाहीं. तो आपण होऊन एकेक वस्तु पुढें सरकवीत होता. उलट दोन वेळां माझ्याच तोंडून "ही राहूं दे कीं" असें निघालें, तेव्हां त्यानें मान हलविली. बाबांना जिना चढवत नाहीं, खालच्या मजल्यावर न्हाणीघर बांधावयाचें आहे, त्याचा आंकडा त्याच्या खिशांत होता.

आठ फेब्रुवारीस तो मला असाकुसाच्या देवळाच्या आवारांत घेऊन गेला. तेथें त्या दिवशीं मोडक्या सुयांची पूजा असते. बायका वर्षभर झिजलेल्या सुया आणून मऊ सोयाबीनच्या वडींत टोंचतात, म्हणजे त्यांना अखेरीस विश्रांति. त्या विधीस ते 'कुयो' म्हणतात, तो शब्द आपल्या पूजेचाच अर्थ वाहतो. आपली खंडेनवमी चालत्या हत्यारांची, ही थकलेल्यांची.

चौथ्या फेरींत पेटीच्या तळाशीं एक पांढुरका संच निघाला. तरुणानें तो उलटा केला, खालचा छाप पाहिला, आणि दोन्ही हातांनीं, मान लववून परत केला. नक्कल आहे, नक्कल आम्ही घेत नाहीं. मीं तो ओळखला. पुतण्या घाईनें म्हणाला, "तोच नव्हे, काका. तसलाच. २००९ मध्यें लॅमिंग्टन रोडवर मिळाला. इकडे येतांना घेऊन आलों होतों." म्हणजे एकशेंबारा यंत्रांच्या त्या खोलींतलें पहिलें यंत्र तें होतें. बाहेर येईपर्यंत आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं. नंतर मीं विचारलें, "सात रुपयांना दिला होता, तुला ठाऊक होतें?" तो म्हणाला, "भंगारवाला कोपऱ्यावरच भेटला होता. त्यानें दहा मागितले. माझ्याकडे साडेतीन होते."

तो संच माझ्या सामानांतून साताऱ्यास आला. भाऊ आतां खालच्या खोलींत असतो, डाव्या हातानें जेवतो. न्हाणीघराचें काम चैत्रांत पुरें झालें. नातीनें संच बाहेर काढला आहे आणि आजोबांच्या डाव्या हातांत त्याचें बटणाचें फळकूट देऊन ठेवलें आहे. पण टीव्हीला जोडण्याची पिवळ्या-पांढऱ्या टोकांची तार मिळत नाहीं. नव्या टीव्हीला तसली भोकेंही नसतात, एक लहान जोडडबी लागते म्हणे. मी आतांपर्यंत तीन दुकानें पालथीं घातलीं. तिसऱ्यानें सोमवारीं या म्हणून सांगितलें आहे.