हॅरोतला फ्लॉवर

हॅरो हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते रंगाच्या ट्यूबवर. बाबा शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. नववीत मला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तेव्हा त्यांनी खास पुण्याहून विन्सर अँड न्यूटनची एक ट्यूब आणली. एकच. अल्ट्रामरीन. बाकीचे रंग आपले नेहमीचे, कॅमलचे. ट्यूबवर बारीक अक्षरात कारखान्याचा पत्ता होता, हॅरो, इंग्लंड. तो रंग मी इतका जपून वापरला की शेवटी ट्यूबमध्येच वाळून त्याचा दगड झाला.

पुढे इंजिनिअरिंग, मग इकडे पीएचडी, मग नोकरी, आणि फिरत फिरत घर मिळालं ते नेमकं हॅरोत! पण कंपनी 1832 सालची असली तरी इथला कारखाना 2010 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाला आणि रंग बनवायचं काम फ्रान्सला गेलं. म्हणजे मी पोचेपर्यंत पत्ता होता, रंग नव्हता. असो.

तर परवा इथल्या एका हॉलमध्ये माझ्या आवडत्या जलरंगकाराचा डेमो होता. प्रबंध लिहिताना रात्री-अपरात्री मी यांचेच व्हिडिओ बघत बसायचो. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांचं चित्र बिघडल्याची हकीकत येणार आहे. चाळीसेक माणसं, बहुतेक रिटायर्ड. टेबलावर तिरका टांगलेला मोठा आरसा, म्हणजे मागच्यांनाही कागद दिसावा. चित्राचा विषय गावातलाच: हॅरोची टेकडी, वर सेंट मेरी चर्चचा निमुळता मनोरा आणि पावसाळी आभाळ.

त्यांनी अख्खा कागद ओला केला, दोन मोठे ब्रश फिरवले आणि आभाळ झालंसुद्धा. मग गृहस्थ हात बांधून नुसते उभे. कागद वाळायची वाट बघत. व्हिडिओत हा भाग कापलेला असतो, त्यामुळे इतकं थांबावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. मध्येच कुणीतरी प्रश्न विचारला, ते उत्तर द्यायला वळले आणि ब्रशमधून पाण्याचा एक थेंब अर्धवट वाळलेल्या आभाळात टपकला.

आता गंमत अशी, की त्या हॉलमध्ये या थेंबाचं पुढे काय होणार हे सगळ्यांत जास्त मला कळत होतं. माझी पीएचडीच वाळणाऱ्या थेंबांवर आहे! कॉफीचा थेंब वाळला की कडेलाच गडद वर्तुळ का उरतं, हे 1997 मध्ये शिकागोच्या डीगन आणि मंडळींनी 'नेचर'मध्ये सांगितलं. थेंबाची कड जागची हलत नाही, तिथलं पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना कण घेऊन जातं. छपाईच्या शाईत ही कड येऊ नये म्हणून मी चार वर्षं घालवली. ओल्या रंगात ताजं पाणी पडलं की तेही असंच रंगाला बाहेर ढकलतं आणि नक्षीदार कड सोडतं. इंग्रज चित्रकार त्याला कॉलिफ्लॉवर म्हणतात. बाबा मुलांच्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहायचे, "फ्लॉवरची भाजी".

मनोऱ्याच्या डोक्यावर हा भलामोठा फ्लॉवर उमलला. हॉल गप्प. त्यांनी टिपून घेतलं नाही, पुसलं नाही. "चित्र गेलं," ते म्हणाले, "पण वेळ अजून आहे, तर झाडं दाखवतो." आणि चहानंतर तासभर, गेलेल्या चित्रात, अप्रतिम झाडं काढली.

नंतर धीर करून त्यांना माझं शास्त्र ऐकवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग कागद किती वाळला की हात लावायचा नाही?" मला सांगता येईना. माझे आकडे काचेवरचे. "कागदावर करून बघितलंय?" नाही.

हा प्रश्न जरा लागलाच. कारण बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "काय काढलंस की नाही?" आणि मी म्हणतो, "हो, छोटंसं." सात वर्षं हेच चाललंय. दोन वर्षांपूर्वी कंपवातामुळे त्यांचा ब्रश सुटला, तेव्हापासून तर खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

या रविवारी सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "सात वर्षांत एकदाही रंग संपले म्हणाला नाहीस." मग लगेच, "थेंब पडला तेव्हा कागदावर चकाकी होती की गेली होती?"

मला आठवेना.

"मग करून बघ. आणि फोनचा कॅमेरा कागदावर धर, तुझं तोंड नको दाखवूस."