सहा पेन्सचे नाणे

रात्रीची जेवणे आटोपली की तो गिटार घेऊन, कानाला हेडफोन लावून बसे. समोर अँप्लिफायरची नक्कल करणारी छोटी डिजिटल पेटी. घरच्यांना ऐकू येई ती नुसती तारांची टकटक.

पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’मधला गिटारवादक ब्रायन मे त्याचे दैवत. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मधला मेचा नाद त्याला हवा होता. पेटीत व्हॉक्स एसी-३० निवडला, ट्रेबल बूस्टर जोडला. महिनाभर आकडे बदलले, नाद जमेना.

मग त्याने मेबद्दल वाचले. ही गिटार १९६३ मध्ये मेने वडिलांसोबत घरीच करायला घेतली. दांडी शेकोटीवरच्या जुन्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांच्या. नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे. अँप्लिफायर पूर्ण चढवलेला. चढउतार सारा गिटारच्या बटणावर आणि बोटांवर.

त्याने आकडे सोडले. एक नाणे घेतले, गिटारचे बटण जरा उतरवले. नाद मेचा झाला नाही, पण जिवंत झाला.

दाराशी बायको उभी होती. म्हणाली, “अहो, आज ते हेडफोन काढा की. आम्हालाही ऐकू दे.”