सौम्य

शब्दशक्ती शिकवताना आम्ही दोघेही वर्षानुवर्षे ‘गाठ’ हाच शब्द उदाहरणादाखल घेत आलो. दोरीची गाठ ही अभिधा. लग्नगाठ, मनातली गाठ, ‘गाठ माझ्याशी आहे’ ही लक्षणेची रूपे. विद्यार्थ्यांना ते चटकन उमगे. या शब्दाचा आणखी एक वाच्यार्थ मात्र आम्ही कधी फळ्यावर लिहिला नव्हता. तो आम्हांला सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत भेटला.

मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. खेळता खेळता तो अचानक पोट धरून बसे, गुडघे छातीशी घेऊन कळवळे. आणि दहा-पंधरा मिनिटांनी काहीच न घडल्यासारखा पुन्हा खेळू लागे. जंत असतील, असे एका डॉक्टरांनी सांगितले. आम्हांला ते पटले, कारण पटवून घेण्याची घाई आमचीच होती. मग एका रात्री हिरव्या उलट्या झाल्या आणि शौचावाटे आव-रक्त पडले.

सोनोग्राफीच्या पडद्यावर एकात एक वर्तुळे दिसत होती. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता. तान्ह्या मुलांत असे बहुधा कोणत्याही गाठीविना घडते, आणि गुदद्वारावाटे हवा किंवा द्रव सोडून आतडे पुष्कळदा पूर्ववत करता येते. वय वाढलेल्या मुलांत मात्र मागे काही दडले आहे का, हे शोधावे लागते. हवेच्या दाबाने आतडे सुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकले. शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याच्या शेवटाकडे, आतल्या अंगाला, बोराएवढी पिवळसर गाठ निघाली. आतडे तिला अन्न समजून पुढे ढकलत होते, आणि तिच्यामागोमाग स्वतःच ओढले जात होते.

तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागले. शब्दांवर पोट भरणारे आम्ही एका शब्दासाठी ताटकळत होतो. शब्द आला : बिनाइन. लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ. आतड्यात ती बहुतांशी उतारवयात सापडते. इतक्या लहान मुलांत फारच विरळा.

सवयीने आम्ही कोश उघडले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सुस्वभावी, दयाळू. आपला ‘सौम्य’ सोमाशी, चंद्राच्या शीतलतेशी नाते सांगणारा. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे सहा प्रकार येतात. त्यांत मेदापासून होणारेही आहे. रक्तज व मांसज अर्बुदे तेथे असाध्य मानली आहेत, मेदोज नव्हे. त्या रात्री हे वाचून आम्ही दोघेही रडलो.

पण दयाळू म्हणवणाऱ्या या गाठीमुळेच आतड्याचा रक्तपुरवठा तुटत आला होता. आणखी काही तास गेले असते तर तेवढे आतडे मेले असते. ‘सौम्य’ हा शब्द गाठीचा स्वभाव सांगतो : ती शेजारच्या पेशींत घुसत नाही, दूर पसरत नाही. ती कुठे बसली आहे, हे तो सांगत नाही. हीच गाठ दंडाच्या कातडीखाली असती तर कुणी फारसे लक्षही दिले नसते. संदर्भाने अर्थ बदलतो, हे आम्ही इतरांना कितीदा सांगितले होते!

एक सल मात्र उरला आहे. दोन कळांमधली त्याची शांतता आम्ही ‘बरे वाटले’ अशी वाचली. वास्तविक असे येणे-जाणे हीच या दुखण्याची खूण. दोन ओळींमधले वाचा, असे वर्गात सांगणाऱ्यांना घरातली ती मोकळी जागा वाचता आली नाही.

मुलगा आता सहावीत आहे. पोटावरचा व्रण तो मित्रांना अभिमानाने दाखवतो. आम्ही अजूनही वर्गात ‘गाठ’ हेच उदाहरण घेतो. फक्त अभिधेपाशी पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ थांबतो.