तंगडीवरचे टाके

लेबर रूममध्ये कामाला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. एपिझिओटॉमी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी घेतलेला छेद, शिवायला हात थोडा बसत होता. त्या रात्री मात्र एका पहिलटकरणीची फाट पार गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली आणि मला काही कळेनासं झालं. सगळंच लाल, सगळंच भिजलेलं. माझ्या सीनियर मॅडमनी बोट घालून तपासलं आणि म्हणाल्या, "थ्री बी. बाहेरचा स्नायू अर्ध्याहून जास्त तुटलाय." ओटीत त्यांनी शिवलं. मी शेजारी उभी होते, पण त्या काय शिवत होत्या ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ड्यूटी रूममध्ये बोलावलं. टेबलावर एक जाडा स्पंज, मध्ये चिरलेला. आत हातमोज्याचं बोट, ते गुदाशयाचं अस्तर. त्याभोवती कोंबडीच्या छातीच्या मांसाची फिकट पट्टी म्हणजे आतला स्नायू, आणि तिच्याबाहेर तंगडीची गडद पट्टी म्हणजे बाहेरचा. धागे ओटीतले, मुदत संपलेले. खर्च दीडशे रुपयांच्या आत.

"टोकं शोध," मॅडम म्हणाल्या. तुटलेला स्नायू जागेवर राहत नाही, दोन्ही बाजूंना आत ओढला जातो. मॅडमनीही टोकं स्पंजात खोल दडवली होती. ॲलिस चिमट्याने मी दोनदा नुसता स्पंजच धरला. तिसऱ्यांदा चिमट्याला मांसाची ओढ लागली, तेव्हा कुठे कालचं चित्र डोळ्यांसमोर उलगडलं.

टाका घातला, गाठ ओढली, आणि धागा मांस कापत सरळ बाहेर आला.

"अगं, बोचकं बांधतेयस का? मांसाला मांस नुसतं टेकू दे."

आवळलेल्या टाक्यात स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, हे मी वाचलं होतं. पण किती ओढलं म्हणजे जास्त, हे पुस्तक कसं सांगणार? ते त्या तंगडीने सांगितलं. सहाव्या टाक्याला टोकं अलगद जुळली.

शेवटी बोट घालून बघायला लावलं. एक टाका मोज्यातून आरपार गेलेला बोटाला लागला. बाईच्या अंगात तो तसाच राहिला असता, तर तिथे भगंदर होण्याची भीती. मी तो कापून पुन्हा घातला.

स्नायू नीट जुळला नाही तर बाईला वारा आवरत नाही, कधी शौचही. ती हे कुणाला सांगत नाही. लग्नाकार्याला जाणं टाळते, एसटीत बसायला घाबरते. माझा कापत गेलेला तो पहिला टाका अशा कुणाच्या अंगावर पडला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मांसाला हात न लावणाऱ्या माझ्या सोबतिणीने लाल फ्लॅनेलच्या पट्ट्या वापरल्या. गाठीची ओढ त्यात तितकी कळत नाही, पण थर आणि टोकं कळतात.

ज्यांच्या हाताखाली नवी मुलं येतात, त्या सीनियरांना माझी विनंती आहे: पहिल्याच आठवड्यात एक स्पंज आणि एक तंगडी आणा, आणि शेजारी बसा.