तुरुंगांतलें पथ्य

तुरुंगाविषयीं जें वाङ्मय आपल्याकडे आहे तें वाचून एखाद्याचा असा समज व्हावा कीं, कारागृहाच्या दारांतून आंत शिरतांना मनुष्य आपलें पोट बाहेर देवडीवर ठेवून जात असावा. मंडालेस 'गीतारहस्य' लिहिलें गेलें. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांचीं गीताप्रवचनें झालीं आणि तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. या ग्रंथांच्या तेजानें डोळे असे दिपतात कीं, त्या भिंतींच्या आंत त्या दिवशीं भाजी कसली होती, असें विचारणें हाहि एक उणेपणा वाटतो. मला मात्र हा प्रश्न नेहमीं पडत आला आहे. मंडालेस लेखणी धरणाऱ्या हातामागें मधुमेहाशीं झगडणारें एक शरीर होतें, त्याला रोज कांहीं तरी खावें लागत होतें. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं 'श्यामची आई' लिहिली गेली, आणि तिच्यांत एक सबंध प्रकरण अळणी भाजीवर आहे. कैद्याच्या लेखणीला मीठ नसलेली भाजी आठवावी, यांत मला केवळ मातृभक्ति दिसत नाहीं. समोरच्या थाळीचाहि त्यांत कांहीं हात असावा असा माझा संशय आहे. विद्वानांनीं या संशयाकडे दुर्लक्ष करावें.

माझ्या वांट्यास तुरुंग आला तो आणीबाणींत. २५ जून १९७५ च्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली, आणि पुढच्याच महिन्यांत, कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत असतांना, मिसा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालीं मला स्थानबद्ध करण्यांत आलें. कायदा १९७१ चा. त्याखालीं खटला नव्हता, शिक्षेची मुदत नव्हती, म्हणून सुटकेची तारीखहि नव्हती. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण जेवणाविषयींची माझी सगळी तक्रार तिच्याशीं जोडलेली आहे. तुरुंग कोणता, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

मी जन्मानें किनाऱ्यावरचा, मालवणाकडचा. आमच्या घरीं बाजारांतून येणाऱ्यास 'आज काय मिळालें?' असें विचारीत, आणि या प्रश्नांतलें 'काय' म्हणजे मासळी, हें कोणास सांगावें लागत नसे. तरीहि पहिले दोन महिने तुरुंगांतलें शाकाहारी जेवण मला मुळींच जड गेलें नाहीं. याचें श्रेय माझ्या मनोनिग्रहास देऊं नये. तें पंचांगाचें आहे. आषाढांत समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या; ताजी मासळी घरींहि नव्हतीच. त्या दिवसांत आमच्याकडे सुका बांगडा आणि सुकट यांवर निभावतें, आणि श्रावण लागला कीं तेंहि बंद. नारळी पुनवेस समुद्राला नारळ दिला म्हणजे होड्या पाण्यांत जातात, पण ज्यांच्या घरीं श्रावण पाळतात ते अमावास्येपर्यंत थांबतात. पुढें गणपति येतात, आणि ते घरांत असेपर्यंत पुन्हां सोवळें. म्हणजे माझ्या दृष्टीनें नवें असें कांहींच घडत नव्हतें. इतरांनीं डाळीला नांवें ठेवावीं आणि मीं ती निमूटपणें भुरकावी, असें चाललें होतें. परंतु गणपति गेले, आणि मग एके दिवशीं ताटापुढें बसल्यावर मला स्पष्ट कळलें कीं, हा श्रावण संपणार नाहीं.

उपासाला पारणें असतें, म्हणून तो उपास. ज्याला पारणेंच नाहीं त्याला काय म्हणावें? त्या दिवसापासून तीच डाळ, तीच चपाती मला निराळी लागूं लागली. सकाळचें जेवण दहाच्या सुमारास येई आणि संध्याकाळचें साडेचार वाजतां. सूर्य मावळण्यापूर्वीं गिनती होऊन बराकी बंद होत, म्हणून रात्रीचें जेवण हा प्रकारच तेथें नव्हता. जर्मनच्या थाळींत डाळ वाढली म्हणजे तिच्यांतून थाळीचा तळ दिसे. भाजी ऋतुमानाप्रमाणें बदलते असा नियम असल्याचें आम्हांला सांगण्यांत आलें होतें. आमच्या वांट्यास आलेल्या सर्व ऋतूंत भोंपळाच पिकत असावा.

गंमत अशी कीं, मला मासळीची चव फारशी आठवत नसे. आठवे तो कांटा. मासळी खाणारा मनुष्य जेवतांना सावध असतो. बोटें, दांत आणि जीभ यांची एक गुप्त मसलत चाललेली असते. तारलीचा कांटा वेगळा, पेडव्याचा वेगळा, आणि बोलतां बोलतां तो अलगद बाजूला काढणें ही एक लहानशी विद्या आहे. आमच्याकडचीं मुलें ती अक्षरओळखीच्या आधीं शिकतात. डाळभाताला असें कांहींच लागत नाहीं. घांस तोंडांत जातो, उतरतो, आणि मन मोकळेंच्या मोकळें राहतें. तुरुंगांत मन मोकळें राहणें यासारखें संकट नाहीं. माझे शाकाहारी मित्र हें ऐकून हांसत. परंतु जेवणांतला तो दहा मिनिटांचा उद्योग हरवल्याचें दुःख मला अजूनहि खरें वाटतें.

दिवाळीच्या सुमारास आम्हां स्थानबद्धांना कोरडा शिधा घेऊन आपलें आपण रांधण्याची मुभा मिळाली, आणि मला थोडी आशा वाटूं लागली. आमच्या बराकींत ४० जण होते. सभा भरली, रीतसर चर्चा झाली, आणि लोकशाहीसाठीं तुरुंगांत आलेल्या त्या मंडळींनीं हात वर करून ठरविलें कीं, चूल एकच असावी आणि ती शाकाहारी असावी. ३४ विरुद्ध ६. सहांतला एक मी. निकाल न्याय्य होता. अंडें ज्या भांड्यांत उकडलें त्यांत दूध तापविणें ज्यांना अशक्य वाटतें अशांचा कोंडमारा करणें मलाहि बरें वाटलें नसतें. पण त्या दिवसापासून एक सुख गेलें. तोंवर माझी डाळ सरकारनें लादलेली होती, तिच्याविरुद्ध कुरकुरण्यांत थोडी देशसेवा घडल्यासारखें वाटे. आतां ती बहुमताची डाळ झाली!

माझ्या शेजारीं एका वृद्ध शिक्षकांची पथारी होती. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गळ्यांत तुळशीची माळ, पंढरीची वारी वर्षानुवर्षांची. ते तुरुंगांतहि एकादशी करीत, आणि त्या दिवशींची आपली चपाती मला देत. त्यांचें न खाणें आणि माझें न खाणें यांत जें अंतर होतें तें मला त्या चपात्यांनीं शिकविलें. गुरुजी ज्या दिवशीं जेवत नसत त्या दिवशीं ते बराकींत सर्वांत मोकळे दिसत. सर्व कांहीं दुसऱ्याच्या हुकुमानें चालत असतां, ताट दूर सारणें एवढी एकच गोष्ट कैद्याच्या हातीं उरते. याच गोष्टीचें कोणी शस्त्र करतात. लाहोरच्या तुरुंगांत जतींद्रनाथ दास यांनीं ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजीं देह ठेवला, आणि राजकीय कैद्यांना नीट अन्न मिळावें ही त्या लढ्यांतली एक मागणी होती.

गांधीजींचा अनुभव याहून सौम्य, पण माझ्या प्रश्नाच्या अधिक जवळचा. १९०८ च्या जानेवारींत जोहान्सबर्गच्या तुरुंगांत त्यांना पहिला कारावास घडला. तेथें हिंदी कैद्यांना चहा मिळत नसे, आणि शेवटचें जेवण सूर्यास्तापूर्वीं उरकावें लागे. त्यांनीं डॉक्टरांपाशीं मसाल्याची पूड मागितली, मीठ शिजतांनाच घालूं द्यावें अशीहि विनंति केली. तेव्हां येथें कोणी जिभेचे चोचले पुरविण्यास येत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. पुढें मोठ्या खटपटीनें तीं बंधनें सैल झालीं. आणि सुटून आल्यावर गांधीजींनीं चहा सोडणें व सूर्यास्तापूर्वीं जेवणें हे दोन नियम आपण होऊन स्वतःला लावून घेतले! बाहेरून लादलेलें बंधन क्वचितच फळतें, तेंच स्वतः घेतलें म्हणजे हितकर होतें, असें त्यांनीं आत्मकथेंत नोंदविलें आहे. हें खरेंच असावें. मात्र माझ्यासारख्या सामान्य मनुष्याला पहिला अर्धाच भाग अनुभवास आला.

आतां आजाराविषयीं. मोठ्या दुखण्याला तुरुंगांतहि मान असतो. गांधीजी येरवड्यास असतां त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हां त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयांत हलवून १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं शस्त्रक्रिया करण्यांत आली, आणि ५ फेब्रुवारीस त्यांची सुटकाहि झाली. लहान दुखण्याला असा कोणताच दर्जा नाहीं. पडसें, खरूज, पोटांत धरणें, डोकें दुखणें, यांसाठीं कोणी दार उघडीत नाहीं. सकाळीं कंपाउंडर येई आणि त्याच्याजवळच्या मोठ्या बाटलींतलें गुलाबी मिक्श्चर सर्वांना सारख्या मापानें पाजी. खोकला असो वा अपचन, औषध एकच. जातिभेद, पंथभेद आणि रोगभेद त्या बाटलीपुढें मावळत.

१९७६ च्या उन्हाळ्यांत माझें तोंड आलें. हा वाक्प्रचार किती सौम्य आहे! जिभेच्या कडा सोलवटल्या, ओठांचे कोपरे चिरले, आणि डाळींतली मिरची निखाऱ्यासारखी झोंबूं लागली. त्यांतच रात्रीं बारीक ताप येऊं लागला. ताप फार नव्हता. घरीं असतों तर आईनें कपाळावर हात ठेवून 'कांहीं नाहीं' म्हटलें असतें, उकड्या तांदळाची पेज पुढें केली असती, आणि तो ताप तिसऱ्या दिवशीं मी विसरूनहि गेलों असतों. पण सायंकाळीं सहाला बंद झालेली बराक सकाळीं सहापर्यंत उघडत नाहीं. मध्यें बारा तास. दिवा रात्रभर जळतो, पहारेकरी तासातासानें गजांशीं येऊन माणसें मोजतो, आणि त्याच्या मोजणींत तापलेलें अंग आणि निवलेलें अंग यांना सारखाच आंकडा असतो. त्या रात्रीं मला आपल्या शरीराची जितकी काळजी वाटली तितकी पुढें मोठ्या दुखण्यांतहि वाटली नाहीं. गुरुजी उठून बसत, पंचा भिजवून माझ्या कपाळावर ठेवीत, आणि आईनें पार्सलांतून पाठविलेलीं आमसुलें भिजत घालून तें पाणी मला घोट घोट देत. आमसुलें तोंडाला झोंबत. तरी मी तें पाणी सोडीत नसें, कारण त्याला घराचा वास होता.

चौथ्या दिवशीं डॉक्टर आले. जीभ पाहिली, ओठांचे कोपरे पाहिले, ब जीवनसत्त्वाची उणीव आहे म्हणाले, आणि कागदावर लिहून दिलें: पिंवळ्या गोळ्या, रोज पाव लिटर दूध आणि एक उकडलेलें अंडें, आठ दिवस.

दुसऱ्या दिवशीं तें अंडें बराकींत आलें आणि एक घटनात्मक पेंच उभा राहिला. ठराव होता चुलीपुरता. अंडें आलें होतें दवाखान्यांतून. एका वकिलांनीं ठरावाचा शब्दशः अर्थ लावून तें निर्दोष ठरविलें. दुसऱ्या एकानें ठरावाच्या आत्म्याचा प्रश्न काढला. मी उठून बाहेर नळापाशीं जाऊन खातों म्हणालों. तेव्हां गुरुजी म्हणाले, "तापानें उठलेल्या माणसानें उन्हांत कशाला जायचें? येथेंच बस आणि खा. मी तिकडे तोंड करतों." त्यांनीं भिंतीकडे तोंड केलें, उपरण्याचा शेव नाकाशीं धरला, आणि हरिपाठ सुरू केला. पुढें रोज हेंच चाले. मी जेवढा हळू खाईं तेवढा त्यांचा हरिपाठ जलद होई.

अंड्याविषयीं खरें सांगावयाचें तर फार मोठा आनंद झाला नाहीं. तोंड सोलवटलेलें, मीठ लावावें तर झोंबे, न लावावें तर फिकें. मासळीची तहान त्यानें भागण्यासारखी नव्हतीच. पण तुरुंगांत येणारी प्रत्येक वस्तु चाळिसांसाठीं येई, चाळिसांत वांटली जाई, आणि चाळिसांच्या हिशेबांत लिहिली जाई. या एका वस्तूच्या कागदावर माझें एकट्याचें नांव होतें. कोणीं तरी माझ्याच जिभेकडे पाहून ती धाडली होती. तें वाटीभर वैशिष्ट्य पुढें करून मी दहा मिनिटें बसून राहत असें.

आठव्या दिवशीं डॉक्टर आले. ओठ भरून आले होते, ताप केव्हांच गेला होता. "ठीक आहे," म्हणून त्यांनीं कागदावर आडवी रेघ ओढण्यासाठीं पेन उघडलें. तोंच भिंतीकडे तोंड करून बसलेले गुरुजी, ज्यांनीं ३५ वर्षें मुलांना खोटें बोलूं नये म्हणून शिकविलें होतें, वळले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्रीं अजून अंग कोमट लागतें हो त्याचें. मी पाहतों ना रोज."

डॉक्टरांनीं माझ्याकडे पाहिलें, गुरुजींच्या गळ्यांतल्या माळेकडे पाहिलें, आणि आणखी चार दिवस लिहून दिले.