गोळी फुकट, फेरी महाग

पाकिटात मेडिक्लेमचं कार्ड असलं की आपण कसे रिलॅक्स असतो! अपेंडिक्स असो की अ‍ॅक्सिडेंट, बॉस, कॅशलेस आहे. पण मनाचं काही बिनसलं तर? कौन्सेलरच्या प्रत्येक सेशनचे पैसे मी खिशातून भरते आणि फ्रीलान्सरला ते चांगलेच जाणवतात. तरी पुण्यात कौन्सेलर रिक्षाच्या अंतरावर आहे. माझ्या मामाला तेवढंही नाही.

मामा मार्कंड्याजवळच्या खेड्यात राहतो. मार्कंडा म्हणजे चामोर्शी तालुका, वैनगंगेचा काठ, जुनी दगडी मंदिरं आणि महाशिवरात्रीची मोठी जत्रा. तीन वर्षांपूर्वी मामाची झोप उडाली, कानात आवाज यायला लागले. आधी पुजारी झाला, मग नागपूर. आता गोळ्यांवर तो छान सावरलाय, शेतावर जातो. गोळ्यांसाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावाला जायचं, एवढंच. मामी म्हणते, "गोळी फुकट भेटते बाई, पण दोघांची दिवसभराची मजुरी जाते ना वो." मागच्या धानकापणीत तिने एक फेरी पुढे ढकलली. दोन आठवड्यांत मामा रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

आता सरकारी विमा बघा. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2018 मध्ये आयुष्मान भारत आली: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर, यादीत मानसिक आजारसुद्धा. झकास! मेख एवढीच, की हा पैसा दाखल झाल्यावर मिळतो. ओपीडी बाहेर. म्हणजे मामा अ‍ॅडमिट करण्याइतका बिघडला तर विमा धावून येणार, तो बिघडू नये म्हणून गावात येऊन "झोप लागते का?" विचारणाऱ्या माणसाला मात्र त्यातून एक रुपया नाही.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा विमा कंपन्यांना सांगतो, मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. वागवतात की! बहुतेक पॉलिसींमध्ये ओपीडी दोघांचीही कापलेली. फरक असा, की अपेंडिक्स एकदा काढलं की संपतं. मनाच्या आजारात बरीचशी लढाई ओपीडीतच लढली जाते.

गावापर्यंत उपचार नेता येत नाहीत, असंही नाही. 1993 पासून दारूबंदी असलेल्या याच गडचिरोलीत 2016 मध्ये राज्य सरकार, 'सर्च' आणि टाटा ट्रस्टने 'मुक्तिपथ' सुरू केलं. व्यसन सोडवायला गावात शिबिरं आणि तालुक्याला क्लिनिक, पेशंटच्या पायाशी. पण तो पैसा प्रकल्पाचा. विम्याचा असता तर हक्काने मागता आला असता.

2022 पासून 'टेली मानस'चा 14416 हा फुकट नंबर आहे, तो जरूर सेव्ह करा. फोनवर धीर मिळतो. मामाच्या गोळ्या मात्र कुणीतरी आणायलाच लागतात. पाच लाखांतले अगदी थोडे पैसे चामोर्शीत बसणाऱ्या, महिन्यातून एकदा खेड्यात फिरणाऱ्या नर्सला आणि समुपदेशकाला मिळाले, तर मामीला धान आणि नवरा यांतलं एक निवडायची वेळ येणार नाही.